दम आणि दाम

मराठीत 'दम' हा शब्द जितका राबतो, तितका पहिल्या तारखेला आमच्या शाखेतला कॅश काउंटरही राबत नसेल. डोंबिवली स्टेशनच्या पुलाचा जिना चढला की दम लागतो. मग वर उभे राहून आपण दम खातो. तेवढ्यात मागचा माणूस 'अहो, सरका की पुढे' असा दम देतो. आपण त्याला 'जरा दम धरा' म्हणतो. गाडी चुकते, आपण दमतो, आणि घरी पोचलो तर ताटात दम-आलू! एकच शब्द पुरवून पुरवून इतक्या ठिकाणी वापरणारी भाषा मध्यमवर्गीयच असणार, याबद्दल मला शंका नाही.

आता खरी गंमत अशी, की हा एक शब्द नाहीच. श्वास या अर्थाचा 'दम' फारसीतून आला. संस्कृतातला 'दम' निराळा. तो शमाचा जोडीदार, इंद्रियांना आवर घालणारा. बँकेत कधी कधी एकाच नावाचे दोन खातेदार निघतात आणि एकाचा चेक दुसऱ्याच्या खात्यात जमा होतो, तसे मराठीत या दोघांचे झाले आहे. 'दम धरा' म्हणताना आपण श्वास धरायला सांगतो की मनाला आवरायला, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक नसते. या दोघांच्या शेजारी तिसरा एक गृहस्थ राहतो, त्याचे नाव 'दाम'. हा मूळचा ग्रीक. त्यांच्या द्राख्मे नावाच्या नाण्याचा आपल्याकडे द्रम्म झाला, आणि द्रम्माचा दाम. दमात आणि दामात फरक फक्त एका कान्याचा. पण त्या कान्याला एक नैतिक प्रश्न लोंबकळतो आहे, आणि बी.कॉम. झालेल्या माणसाने नीतिशास्त्रात हात घालू नये हे तत्त्वतः मान्य करूनही तो प्रश्न मी इथे मांडणार आहे.

प्रश्न असा: आपल्या पोटासाठी एखादा जीव जायचाच असेल, तर त्याची किंमत दमाने मोजलेली बरी, की दामाने?

हा प्रश्न आमच्या घरात माझ्या भाच्याने आणला. भाचा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तिथल्या मोटारींच्या नंबरप्लेटवर 'दहा हजार तळी' असे छापलेले असते. मी मूळचा ठाण्याचा, त्यामुळे ही जाहिरात मला जरा झोंबली. मासुंदा, कचराळी, उपवन, रायलादेवी, सिद्धेश्वर ही नावे एका दमात म्हणता येणे हा आमचा लहानपणचा भूगोल होता. ठाणे हे तलावांचे शहर, असे आम्ही अजूनही पाहुण्यांना सांगतो; त्यातले बरेच बुजले, हे पाहुण्यांना आपोआप कळते. पण खरे सांगायचे तर तलावाशी आमचा संबंध काठापुरता. मासुंद्याला आम्ही 'तलावपाळी' म्हणतो, यातच सगळे आले. पाळीवर बसावे, भेळ खावी, कोपिनेश्वराला हात जोडावेत, फार तर होडीतून एक फेरी मारावी. कल्याणकरांचेही काळ्या तलावाशी असेच संबंध आहेत. पाण्यात प्रत्यक्ष उतरायचा तो भाद्रपदात गणपती, आणि आता त्याच्यासाठीही कृत्रिम तलाव निघाले.

भाचा मात्र पाण्यात उतरतो. नुसता उतरत नाही, तळ गाठतो. अंगाला चिकटून बसणारा पाच-सात मिलिमीटर जाडीचा रबरी पोशाख, त्या पोशाखाने तरंगायला होऊ नये म्हणून कमरेला शिशाचा पट्टा, पायांत वल्ह्यांसारखे लांब पंख, डोळ्यांवर काच आणि हातात रबराच्या ताणावर सुटणारा भाला. पाठीवर हवेची टाकी नाही. वर एक मोठा श्वास घ्यायचा आणि तेवढ्याच भांडवलावर खाली जायचे. भर उन्हाळ्यातही त्या तळ्यांचे पाणी वर कोमट आणि दोन-तीन पुरुष खाली गेले की एकदम गार असते. जणू मालकाने वरचा आणि खालचा मजला निरनिराळ्या भाडेकरूंना दिला आहे. पाणी 4 अंशाला सर्वांत जड असते, म्हणून थंडीत वर बर्फ धरला तरी खाली मासे जगतात, हे आपण सर्वांनी शाळेत पाठ केले होते आणि परीक्षा झाल्यावर शाळेलाच परत केले होते. भाच्याने ते कातडीवर अनुभवले.

तळाशी कार्प नावाचे मासे चिखल ढवळत हिंडत असतात. आपल्या रोहू-कटल्याचा हा भाऊबंद. एकोणिसाव्या शतकात अमेरिकनांनीच युरोपातून तो हौसेने आणला, आणि आता त्याने तळी नासवली म्हणून ते कपाळाला हात लावून बसले आहेत. तिथल्या पुष्कळ राज्यांत गोड्या पाण्यात भाला चालवायची परवानगी आहे ती मुख्यत्वे अशाच माशांवर. तर भाच्याने तळाशी निपचित पडून राहायचे. मासा कुतूहलाने जवळ आला तर भाला सोडायचा. नाही आला, तर हात हलवत वर. बहुतेक वेळा हात हलवतच वर यावे लागते, असे तो म्हणाला. हिवाळ्यात तर तिथले लोक गोठलेल्या तळ्यावर अंधारे खोपटे उभारतात, बर्फाला भोक पाडतात आणि त्यात एक लाकडी मासा नाचवत, हातात भाला घेऊन तासन्‌तास बसून राहतात. निवृत्त माणसासाठी याहून सोयीचा उद्योग मी ऐकलेला नाही. बायको हाक मारू शकत नाही.

हे सगळे भाचा जेवता जेवता सांगत होता. पंगतीला आमची आत्या होती. वय शहाऐंशी, दात स्वतःचे.

"अरे, पण तिकडे बाजारात मासे मिळत नाहीत का?" आत्याने विचारले.

"मिळतात ना, आजी."

"मग? पगार पुरत नाही का तुला?"

"पुरतो की."

"मग बुडी मारून कशाला मारतोस रे त्या मुक्या जिवाला? शिकलासवरलास, आणि भाला घेऊन हिंडतोस पारध्यासारखा!" असे म्हणून आत्याने सुरमईची तुकडी उलटी केली आणि काटा अलगद वेगळा काढला.

गंमत पाहा. पंगतीतल्या सर्वांना आत्याचे म्हणणे पटले. सर्वांच्या तोंडात सुरमई होती. ती सुरमई कोणी मारली, कुठे मारली, जाळ्यात ती किती वेळ तडफडली, हे कोणालाही ठाऊक नव्हते. आणि ठाऊक नव्हते म्हणूनच घास सुखाने उतरत होता. भाच्याने मात्र आपला मासा स्वतः पाहिला होता, स्वतः मारला होता, स्वतः साफ करून भाजला होता. म्हणून तो क्रूर. मारणे वाईट नाही, मारताना हजर असणे वाईट, असा काहीसा नियम आम्ही सर्वांनी न बोलता मंजूर करून टाकला.

आपली जुनी शास्त्रे या बाबतीत फार कडक आहेत. इतकी, की वसुली विभागात शोभावीत. मनुस्मृतीने एका प्राण्याच्या वधाबद्दल आठ जणांना घातक ठरवले आहे: संमती देणारा, मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजवणारा, वाढणारा आणि खाणारा. महाभारताच्या अनुशासनपर्वात ही यादी तिघांवर आली आहे. घेणारा पैशाने मारतो, खाणारा चव घेऊन मारतो, आणि मारणारा हाताने मारतो. आमच्या भाषेत सांगायचे तर कर्ज एक, जामीनदार आठ, आणि जबाबदारी संयुक्त तसेच वैयक्तिक. ज्याने नुसते ताट वाढले त्यालाही नोटीस आल्यावर म्हणता येत नाही, की साहेब, मी फक्त सही केली होती.

आमचे हेड कॅशियर शुद्ध शाकाहारी. दुसऱ्या दिवशी डबा खाताना त्यांना ही यादी सांगितली तेव्हा त्यांचा चेहरा दिवाळी बोनस जाहीर झाल्यासारखा उजळला. पण त्याच महाभारतात, वनपर्वात, मिथिलेचा धर्मव्याध आहे. हा गृहस्थ बाजारात मांस विकतो. स्वतः मारत नाही, स्वतः खातही नाही. एक तपस्वी ब्राह्मण त्याच्याकडे धर्म शिकायला येतो, तेव्हा तो त्याला ऐकवतो, की बाबा रे, जमीन नांगरताना नांगराच्या फाळाखाली किती जीव जातात ते मोजलेस का? चालताना पायाखाली किती? अहिंसक असा जगात आहे तरी कोण? हे ऐकून हेड कॅशियरनी डब्यातल्या दुधीच्या भाजीकडे संशयाने पाहिले आणि झाकण लावले. मला वाईट वाटले. माझा उद्देश त्यांचे जेवण बंद पाडण्याचा नव्हता. सर्वच खातेदार थकबाकीदार आहेत, एवढेच सांगायचे होते.

मग फरक करायचा तो कुठे? सगळेच दोषी म्हटले की सगळेच सुटतात, हे बँकेत बारा-पंधरा वर्षे काढलेल्या माणसाला कोणी शिकवायला नको. फरक करायचा असेल तर रक्कम पाहावी लागेल: कोणी किती मोजले? इथे भाच्याचा दम कामाला येतो.

श्वास रोखून धरल्यावर आपण जे कासावीस होतो, ते प्राणवायू संपल्यामुळे, अशी माझी समजूत होती. तसे नसते म्हणे. आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि तो घंटा वाजवतो. प्राणवायू पुष्कळ शिल्लक असताना घंटा वाजते. आमच्याकडे शिल्लक एका रकमेच्या खाली गेली की एसएमएस जातो, तशी. चेहऱ्याला गार पाणी लागले की हृदयाचे ठोके आपोआप मंदावतात, हातापायांचे रक्त आखडते घेतले जाते, आणि प्लीहा आकुंचन पावून राखून ठेवलेले रक्त चलनात सोडते. देवाने ही व्यवस्था सील माशाला दिली, तशी थोडीफार डोंबिवलीकरालाही दिलेली आहे. आपण ती दादर फास्टमध्ये चढताना वापरतो. आग्नेय आशियात बाजाऊ नावाचे लोक आहेत, पिढ्यान्‌पिढ्या बुड्या मारून मासे टिपणारे. त्यांची प्लीहा शेजारच्या शेतकरी जमातीपेक्षा सुमारे 50 टक्के मोठी असते, असे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले. आमच्याही पिढ्यान्‌पिढ्या खुर्चीत बसण्यात गेल्या. काय मोठे झाले ते सांगत नाही.

पण घंटा ऐकून न ऐकल्यासारखे करणाऱ्याला हे पाणी माफ करत नाही. दहा मीटरवर पाण्याचा दाब हवेच्या दुप्पट होतो आणि छातीतली हवा निम्म्या जागेत दबते. तिथे, दाबाखाली, सगळे ठीक वाटते. धोका असतो तो वर येताना. शेवटच्या काही मीटरांत दाब झपाट्याने उतरतो, रक्तातला प्राणवायू एकदम तोकडा पडतो, आणि डोक्यावर उजेड दिसत असताना माणूस बेशुद्ध होतो. म्हणून या मंडळींचा पहिला नियम: एकटे उतरायचे नाही. एक खाली, एक वर. वरच्याची नजर खालच्यावर. अजून एक मासा, अजून दहा सेकंद, हा लोभ ज्याला आवरत नाही तो या खेळात म्हातारा होत नाही.

हे ऐकले आणि माझ्या डोक्यात ते दोन खातेदार एकदम एकत्र आले. फारसी दम आणि संस्कृत दम! इथे श्वासच माणसाला आवर घालतो. पैशाने मासे घेणाऱ्याला असा आवर कुठून येणार? माझ्या खिशात दोन हजार रुपये असतील तर मी एक पापलेट घेईन नाही तर चार घेईन. चौथ्या पापलेटाला मला धाप लागत नाही. दामाला दम लागत नाही, हाच दामाचा दोष. बहुधा हे ओळखूनच फ्रान्स आणि इटली या देशांनी कायदा केला, की पाठीवर हवेची टाकी घेऊन भाल्याने मासे मारायचे नाहीत. मारायचे तर आपल्या छातीत मावेल तेवढ्या हवेवर. शिकाऱ्याला दमायलाच लागले पाहिजे, असे कायद्यात लिहिण्याइतकी अक्कल सरकारला असू शकते, हे वाचून मला फार बरे वाटले.

आपल्याकडे भाल्याने मासे मारत नाहीत असे मात्र कोणी समजू नये. मुरबाड, शहापूर, कर्जतकडच्या माणसाला विचारा. पहिला मोठा पाऊस झाला, ओहोळ-नाले शेतांना मिळाले, की नदीतले मासे अंडी घालायला उलट्या प्रवाहाने वर चढतात. हे वलगणीचे मासे. मग अख्खे गाव रात्री टॉर्च घेऊन (पूर्वी मशाली असत) भाताच्या खाचरांत उतरते. कोणाच्या हातात कोयता, कोणाच्या काठी, कोणाच्या भाला. मरळ, वाम, शिवडा, मिळेल ते. घोटाभर पाण्यात मासा लपणार कुठे? इथे दम धरायचे कारणच नाही, आणि मासा तर पोटात अंडी घेऊन निघालेला. जून-जुलैमध्ये समुद्रात यांत्रिक होड्यांना बंदी असते ती माशांच्या विणीसाठी. इकडे डोंगराच्या पायथ्याशी तोच विणीचा हंगाम लोकांच्या मेजवानीचा. तरी मी गावकऱ्यांना नावे ठेवायला धजत नाही. कातकऱ्याच्या घरी वर्षातून चार रात्री हा मासा येतो, आणि त्या चार रात्रींची भूक खरी असते. काठीने आणि कोयत्याने नदी रिकामी होत नाही. नदी रिकामी होते ती पाण्यात वीज सोडून आणि ब्लीचिंग पावडर ओतून मासे मारणारे येऊ लागले की. त्यांना घोटाही भिजवावा लागत नाही. आणि ते मासे ज्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर मारले जातात, ते गिऱ्हाईक तर पिशवी घेऊन रस्त्याच्या कडेलाच उभे असते.

एवढ्यावर हा निबंध संपला असता तर सगळे सोयीचे झाले असते. दम मोजणारा थोर, दाम मोजणारा क्षुद्र, टाळ्या, आभारप्रदर्शन. पण श्वास रोखून तळ गाठणारी माणसे पाहायला मिनेसोटापर्यंत जायची गरज नाही, हे मला एका सकाळी स्लो लोकलमध्ये आठवले. पूर्वी आम्हा डोंबिवलीकरांत दोन पंथ होते. फास्टवाल्यांच्या नशिबी 1916 सालचा पारसिकचा बोगदा. पोरे त्यात श्वास रोखून धरायच्या पैजा लावत आणि बोगदा संपायच्या आत लाल होऊन हरत. स्लोवाल्यांच्या नशिबी मुंब्र्याची खाडी. खिडकीतून रेतीबंदर दिसायचे: होड्या, वाळूचे ओले ढीग, आणि पाण्यातून मधूनच वर येणारे एखादे काळे डोके. आम्ही ते पाहायचो आणि पुन्हा पेपरात तोंड घालायचो.

ते डोके डुबी मारणाऱ्याचे. मुंब्रा, डोंबिवली, कल्याण या सगळ्या रेतीबंदरांवर हातपाटीने, डुबी मारून वाळू काढत. होडी नांगरायची, बांबू किंवा दोर तळापर्यंत सोडायचा, आणि लोखंडी बादली घेऊन माणसाने त्याच्या आधाराने खाली जायचे. तीस-चाळीस फूट. म्हणजे दहा मीटर. म्हणजे भाच्याने सांगितलेला तो दुप्पट दाब. रबरी पोशाख नाही, पंख नाहीत, डोळ्यांवर काच नाही, आणि असती तरी खाडीच्या त्या गढूळ पाण्यात दिसले काय असते? आंधळ्यासारखी हाताने चाचपून बादली भरायची, दोर हलवायचा, वरच्याने बादली ओढायची, खालच्याने वर येऊन दम खायचा, की पुन्हा खाली. दिवसभर. कानांत ठणका, नाकातोंडात खारे पाणी. काही आसपासचेच, पुष्कळसे दूरदूरच्या मुलखांतून आलेले मजूर. इथेही नियम तोच, एक खाली, एक वर. फक्त त्याला खेळ म्हणत नाहीत.

आणि ती वाळू गेली कुठे? इकडेतिकडे पाहायला नको. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत गेल्या काही दशकांत ज्या चार-चार मजली इमारती उठल्या, त्यांच्या भिंतींत. आमच्याही. गृहकर्जाच्या कितीतरी फायली माझ्या हाताखालून गेल्या आहेत. त्यांत सिमेंट असते, सळई असते, वाळू असते, ब्रासचा दर असतो. श्वासाचा रकाना नसतो. आत्या ज्या भिंतीला टेकून भाच्याला पारधी म्हणाली, त्या भिंतीत कोणाच्या किती बुड्या आहेत, हे आत्यालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. भाच्याने निदान आपला श्वास आपल्या माशासाठी खर्च केला. डुबीवाल्याने आपला श्वास माझ्या वन रूम किचनसाठी खर्च केला, आणि मी दाम मोजून मोकळा झालो.

म्हणजे नुसता दम मोठा, असे म्हणूनही भागत नाही. दम कोणाचा आणि घास कोणाचा, हे पाहावे लागते. स्वतःचा दम स्वतःला आवर घालतो. विकत घेतलेला दम विकत घेणाऱ्याला कसलाच आवर घालत नाही. दमलेला माणूस थांबतो, तेव्हा दाम दुसरा माणूस आणतो. तोही दमला की यंत्र आणतो. खाडीचे नेमके तसेच झाले. माणसाच्या छातीऐवजी सक्शन पंप आले. त्यांना ना कान दुखायचे, ना वर यायचे. काठ खचले, तिवरे गेली. प्रकरण कोर्टात गेले आणि 2010 साली मुंबई उच्च न्यायालयाला वाळूउपशावर बंदी घालावी लागली. पुढे परवानगीचे नियम झाले, आणि तरीही महसूल खात्याने धाड घालून बार्ज आणि पंप नष्ट केल्याच्या बातम्या पेपरात येतच राहिल्या. आता बांधकामाला दगड फोडून केलेली वाळूही वापरतात. म्हणजे खाडी जरा दम खाते आहे आणि डोंगर दमायला लागला आहे.

हे सगळे मी आमच्या घरी सांगितले, तेव्हा भाचा म्हणाला, "मामा, मग काय करायचं? घर सोडायचं?" आत्या म्हणाली, "काही नको. हप्ते संपत आलेत." दोघांचेही बरोबर होते. भिंतीतली वाळू परत खाडीत नेऊन टाकल्याने कोणाचा ठणकणारा कान बरा होणार नाही. प्रत्येकाने आपला मासा आपण मारावा, आपली वाळू आपण काढावी, असे म्हणावे तर मी पहिल्याच बुडीला वरच्या माणसाचे काम वाढवीन.

बृहदारण्यक उपनिषदात एक छोटी गोष्ट आहे. देव, माणसे आणि असुर असे तिघेही प्रजापतीकडे उपदेश मागायला गेले. प्रजापती तिघांनाही एकच अक्षर म्हणाला: 'द'. देवांनी ऐकले, दम धरा, स्वतःला आवरा. माणसांनी ऐकले, दान द्या. असुरांनी ऐकले, दया करा. ज्याला जे कमी होते ते त्याने ऐकले. मला वाटते चौथे आम्ही होतो, रांगेत जरा मागे, पिशवी घेऊन. आम्ही ऐकले, दाम द्या. आणि दिले, आणि पावती घेऊन घरी आलो. आता इतक्या उशिराने त्या अक्षराचा पहिला अर्थ ऐकू यायला लागला आहे. दामाला स्वतःचा दम नसतो, तो बाहेरून घालावा लागतो. कायद्याने थोडा घालावा, आणि जिथे कायदा पोचत नाही तिथे, म्हणजे मासळी बाजारात, आपला आपण.

म्हणून मी अगदी लहानशी सुरुवात केली आहे. खात्यात किमान शिल्लक ठेवतात तेवढी. पावसाच्या पहिल्या सरी झाल्या, की रस्त्याच्या कडेला टोपलीत वलगणीचे मासे येतात, पोटे टम्म फुगलेली. गाबोळी हा माझा नाजूक विषय आहे. तव्यावर तिचा चुर्र आवाज आला तर मी बँकेची संपकऱ्यांची सभा सोडून येईन. तरी त्या दोन महिन्यांत मी ती घेत नाही. टोपलीमागची बाई हाक मारते, "काय भाऊ, घेत नाही? ताजी आहे, भरलेली आहे." कातकऱ्याच्या चार रात्री त्याच्या त्याला राहू देत, माझ्याकडे वरणभाताची सोय आहे. मी 'आज नको, मावशी' म्हणतो, पिशवी दुसऱ्या हातात घेतो आणि पुढच्या वळणापर्यंत श्वास रोखून चालतो, कारण वास येतो.

अजून वळणापर्यंत दम पुरत नाही. पण भाचा म्हणतो, सरावाने वाढतो.